देवमाशाची देहस्थिती व तिचे मापन : पिंपापासून छायाचित्रापर्यंत

१

गुरांच्या बाजारात बैल पारखणारा शेतकरी प्रथम त्याच्या बरगड्या, पुठ्ठे व वशिंड ह्यांकडे पाहतो. जनावराच्या अंगावर मेदाचा साठा किती आहे, पुढील कष्टाचे दिवस ते कसे काढील, ह्याचे अनुमान तो नजरेने व हाताने करीत असतो. प्राणिशास्त्रात ह्याच अनुमानाला देहस्थितीचे मूल्यमापन असे म्हणतात. प्राण्याच्या आकारमानाच्या मानाने त्याच्याजवळ साठविलेली ऊर्जा किती आहे, हा त्यातील मूळ प्रश्न होय. देवमाशाच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे सोपे आहे, परंतु त्याचे उत्तर मिळविणे अत्यंत कठीण आहे. हा प्राणी काट्यावर चढविता येत नाही, हाताने चाचपता येत नाही, आणि श्वासोच्छ्वासासाठी तो वर येतो तेव्हाही त्याच्या देहाचा थोडाच भाग पाण्याबाहेर दिसतो.

तथापि देवमाशाच्या जीवनात मेदाचे जे स्थान आहे ते फार थोड्या प्राण्यांच्या जीवनात असेल. दात नसलेले, मुखातील शृंगमय झालरीने अन्न गाळून घेणारे बहुतेक मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडील समुद्रात चरतात आणि हिवाळ्यात उष्ण समुद्राकडे प्रजननासाठी जातात. तेथे त्यांचे खाणे जवळजवळ बंद असते. उन्हाळ्यातील काही महिन्यांत जमविलेल्या मेदावर प्रवास, प्रसूती व पिलाचे स्तनपान हा सर्व खर्च भागवावा लागतो. त्वचेखालील चरबीचा थर, ज्याला ब्लबर म्हणतात, तो ह्या साठ्याचा मुख्य भाग होय. तो उष्णतेचे रक्षण करतो, शरीराला प्रवाहानुकूल आकार देतो आणि तरंगण्यासही साहाय्य करतो. म्हणून मादी कृश झाली की तिला पिलू होण्याची शक्यता घटते, आणि झालेल्या पिलाची वाढ खुंटते. समुद्रातील अन्नाची स्थिती देवमाशांच्या संख्येत दिसू लागण्यास अनेक वर्षे लागतात. त्यांच्या अंगावर ती त्याच हंगामात दिसते.

ह्या मेदाचे मोजमाप विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आले आहे. परंतु ते प्रथम देवमाशाच्या हितासाठी झाले नाही. ज्या मापाने तो विकला गेला, त्याच मापातून त्याचे आरोग्य जाणण्याची पद्धती हळूहळू घडली. हे परिवर्तन कसे झाले, आणि देवमाशाला जाणण्यासाठी त्याला मारणे अपरिहार्य होते काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

अंटार्क्टिक समुद्रातील आधुनिक शिकारीचा आरंभ इ. स. १९०४ मध्ये मानला जातो. त्या वर्षी कार्ल अँटन लार्सेन ह्या नॉर्वेजियन कप्तानाने साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकेन येथे शिकारीचे ठाणे स्थापन केले. त्याच सुमारास हायड्रोजनाच्या साहाय्याने द्रवरूप तेल घट्ट करण्याची प्रक्रिया उद्योगात आली, आणि देवमाशाच्या तेलाला साबण व मार्गारीन ह्या धंद्यांत मोठी मागणी निर्माण झाली. १९२५ मध्ये ‘लान्सिंग’ हे कारखाना-जहाज समुद्रात उतरले. त्याच्या मागील बाजूस उतार होता, व त्यावरून संपूर्ण देवमासा वर ओढून घेता येत असे. आता किनाऱ्याची आवश्यकता उरली नाही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक समुद्रात २९,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. तेलाचा बाजार कोसळला, आणि उत्पादनावर मर्यादा घालण्याची गरज स्वतः कंपन्यांनाच भासू लागली.

मर्यादा घालावयाची तर मोजण्याचे माप हवे. ते माप तेलाच्या पिंपातून काढण्यात आले. एका निळ्या देवमाशापासून जेवढे तेल निघते तेवढेच तेल सरासरीने दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई देवमाशांपासून निघते, असे धरून ‘निळ्या देवमाशाचे एकक’ ठरविण्यात आले. नॉर्वेजियन कंपन्यांच्या १९३२ मधील उत्पादनविषयक करारात ते वापरले गेले. पुढे १९४४ च्या लंडन येथील मसुद्यात साऱ्या अंटार्क्टिक समुद्राची मर्यादा १६,००० एकके ठरली. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोग अस्तित्वात आला, आणि त्याने हेच एकक पुढे चालविले. १९७२ मध्ये ते सोडून देण्यात आले.

ह्या एककात देहस्थितीची एक ओबडधोबड कल्पना अनुस्यूत आहे. मात्र ती प्राण्याविषयीची नसून मालाविषयीची आहे. चार जातींचे चार निरनिराळे जीवनक्रम त्यात तेलाच्या एका राशीत विलीन झाले. कोणती जात किती उरली आहे हे विचारण्याची सोयच त्यात नव्हती. निळा देवमासा दुर्मीळ झाला तरी त्याची शिकार थांबविण्याचे कोणतेही कारण हे एकक देत नव्हते. उलट एका हार्पूनने पूर्ण एकक मिळत असल्यामुळे तो दिसला की त्याच्यावरच प्रथम नेम धरला जाई.

१९३१ च्या जिनीव्हा करारातही तेलाच्या मापाचा असाच, पण काहीसा विवेकी उपयोग आढळतो. तोफ चालविणाऱ्यांचा व खलाशांचा मोबदला केवळ मारलेल्या देवमाशांच्या संख्येवर ठरवू नये. आकार, जात, मूल्य व तेलाचे उत्पन्न ह्यांचाही त्यात मोठ्या प्रमाणात विचार व्हावा, असे कलम त्यात घालण्यात आले. लहान व कृश प्राणी मारण्यात लाभ वाटू नये हा त्यामागील हेतू उघड आहे. अशा रीतीने देवमाशाची पुष्टता प्रथम वेतनाच्या हिशेबात व कायद्यात आली. शास्त्राच्या पोथीत ती येत होती ती त्याच वेळी, दुसऱ्या वाटेने.

३

ती दुसरी वाट म्हणजे ब्रिटिश सरकारने चालविलेले ‘डिस्कव्हरी’ संशोधनकार्य. त्याचा खर्च देवमाशांच्या तेलावरील करातून भागविला जात असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९२५ मध्ये ग्रिटव्हिकेननजीक सागरी संशोधनाचे केंद्र उघडण्यात आले. एन. ए. मॅकिन्टॉश व जे. एफ. जी. व्हीलर ह्या प्राणिशास्त्रज्ञांनी तेथील व दक्षिण आफ्रिकेतील सालडान्हा उपसागरातील ठाण्यांवर आणलेल्या सोळाशेहून अधिक देवमाशांची तपासणी केली. त्यांचा वृत्तांत १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

चरबी सोलण्याच्या ओट्यावर कामगारांची लांब दांड्याची सुरी चालू असतानाच ह्या संशोधकांना लांबी मोजावी लागे, जननेंद्रिये तपासावी लागत, जठरातील अन्न पाहावे लागे. त्याचबरोबर पाठीवरील पराच्या पातळीला कुशीवर चरबीच्या थराची जाडी मोजण्याचा प्रघात त्यांनी पाडला. स्थान निश्चित केल्यामुळे एका प्राण्याची दुसऱ्याशी तुलना शक्य झाली, आणि त्या तुलनेतून काही ठळक गोष्टी दिसून आल्या. साउथ जॉर्जियाच्या समुद्रात उन्हाळा जसजसा पुढे सरके तसतसा थर जाड होत जाई. गर्भवती मादीचा थर सर्वांत जाड, तर दूध पाजणाऱ्या मादीचा सर्वांत पातळ आढळे. एका काळात, एका ठिकाणी मारलेल्या मृत प्राण्यांच्या राशीतून एका जिवंत प्राण्याचे वर्षचक्र असे अनुमानाने उभे राहिले.

ही पद्धती जितकी फलदायी तितकीच मर्यादित होती. प्रत्येक प्राण्याचे माप एकदाच घेता येई. अमुक मादी मागील वर्षी कशी होती, पुढे तिचे काय झाले असते, हे प्रश्न सुरीखाली येताक्षणीच निरर्थक होत. शिवाय तपासणीला येणारा प्राणी हा शिकाऱ्याने निवडलेला असे. शिकारी मोठा व पुष्ट प्राणी पसंत करतो. पिलासह असलेली मादी मारण्यास १९३१ च्या करारापासून बंदी होती. अर्थात ओट्यावरील सरासरी ही समुद्रातील सरासरी नव्हे.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर मापनाचे काम अधिक काटेकोर झाले. डच शास्त्रज्ञ ई. जे. स्लाइपर ह्यांनी निळ्या व फिन देवमाशांच्या चरबीच्या थरासंबंधीचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. जपानी जहाजांवर देवमाशाचे तुकडे करून चरबी, मांस, हाडे व आतडी स्वतंत्रपणे तोलण्यात आली, आणि १९५० मध्ये निशिवाकी ह्यांनी देवमाशांच्या वजनासंबंधीची अशी माहिती प्रकाशात आणली. ब्रिटिश संशोधिका क्रिस्टिना लॉकियर ह्यांनी १९७६ मध्ये निरनिराळ्या जातींच्या वजनांची एकत्र छाननी केली व लांबीवरून वजनाचे अनुमान करण्याची सूत्रे मांडली. तुकडे तोलताना रक्त व इतर द्रव वाहून जातात. त्यांची भर घातल्याशिवाय वजन पुरे होत नाही, हेही त्यांत हिशेबात घेतले गेले.

लॉकियर व त्यांचे सहकारी ह्यांनी आइसलंडमधील ठाण्यावर फिन व सेई देवमाशांचा जो अभ्यास केला, तो ह्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. १९८५ व १९८६ मधील त्यांच्या लेखांतून असे सिद्ध झाले की, थराची जाडी म्हणजेच देहस्थिती नव्हे. त्या थरात मेदांश किती व पाणी किती हे प्राण्यागणिक व शरीराच्या भागागणिक बदलते. पराच्या मागील, पाठीकडील भागात साठा अधिक वाढतो व अधिक घटतो. स्नायू, हाडे व अंतर्गत अवयव ह्यांतही मेद साठविला जातो. दोन देवमाशांचा थर सारख्याच जाडीचा असूनही एक संपन्न व दुसरा रिक्त असू शकतो. फिन देवमाशांच्या मेदाचा संबंध त्या वर्षीच्या अन्नाशी व माद्यांच्या जननक्षमतेशीही जोडून दाखविण्यात आला. तेलाचे माप आता पूर्णपणे जीवशास्त्राचे माप झाले होते. तथापि ते अद्याप मृत प्राण्याचेच माप होते.

५

१९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय घेतला व तो १९८५-८६ च्या हंगामापासून अंमलात आला. १९४६ च्या कराराच्या आठव्या कलमानुसार मात्र शास्त्रीय संशोधनासाठी देवमासे मारण्याचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला होता. ह्या कलमाच्या आधारे जपानने १९८७-८८ पासून अंटार्क्टिक समुद्रात संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. अठरा हंगामांत सुमारे ६,७०० मिंक देवमासे मारण्यात आले. येथे देहस्थिती हा विषय प्रयोगशाळेतून निघून राष्ट्राराष्ट्रांमधील वादाच्या केंद्रस्थानी आला.

ह्या कार्यक्रमातील मापांच्या आधारे कोनिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, मिंक देवमाशांच्या चरबीचा थर वर्षाला सुमारे ०.२ मिलिमीटर ह्या गतीने पातळ होत आहे. घेर व मेदाचे वजन ह्यांतही घट आहे. क्रिल ह्या लहान कवचधारी जीवावर हे देवमासे जगतात. ते कमी मिळू लागल्याची ही खूण असावी, असे त्यांचे म्हणणे होते. निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण तो खरा असेल तर अंटार्क्टिक समुद्राच्या अन्नव्यवस्थेत काही मोठा पालट घडत होता. परंतु आयोगाच्या शास्त्रीय समितीत त्यावर अनेक वर्षे खल झाला. हंगामातील दिवस, शिकारीचे स्थान व प्राण्याची अवस्था ह्यांनुसार चरबी बदलते. निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या तारखांना घेतलेली मापे एकत्र करताना ह्या कारणांचा परिणाम नीट वेगळा काढला नाही, तर भासमान घट ही खरी घट वाटू शकते. घट मानणारे व न मानणारे असे दोन्ही पक्ष त्याच आकड्यांवर विसंबून होते. एका वर्षातील शंभर मिलिमीटरही न भरणाऱ्या थरातील एक-पंचमांश मिलिमीटरचा फरक हजारो मृत देहांवरूनही निर्विवाद ठरला नाही, ही गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

३१ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑस्ट्रेलियाने आणलेल्या दाव्यात बारा विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. ह्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या पर्वातील परवाने आठव्या कलमाच्या अर्थाने ‘शास्त्रीय संशोधनासाठी’ दिलेले नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. मारण्यावाचून होणाऱ्या पद्धतींचा पुरेसा विचार झाला होता काय, हा त्या विवेचनातील एक प्रमुख मुद्दा होता. तोपर्यंत अशा पद्धती केवळ कल्पनेत राहिलेल्या नव्हत्या.

६

जिवंत देवमाशाचे मापन प्रथम विमानातून झाले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पीटर बेस्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी राइट देवमाशांची लांबी हवाई छायाचित्रांवरून मोजली व ते काम १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने स्थलांतर करणाऱ्या करड्या देवमाशांसंबंधी पेरीमन व लिन ह्यांनी २००२ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. वरून पाहिले असता देवमाशाच्या शरीराची रुंदी त्याच्या लांबीच्या मानाने किती आहे, हे त्यांनी मोजले. दक्षिणेकडे जाणाऱ्या गर्भवती माद्या रुंद, आणि उपवासानंतर उत्तरेकडे परतणारे प्राणी अरुंद दिसले. ग्रिटव्हिकेनच्या ओट्यावर मॅकिन्टॉश व व्हीलर ह्यांनी सुरीने जे पाहिले होते, तेच आता आकाशातून, प्राण्याला स्पर्शही न करता पाहता आले.

दुसरी पद्धती श्राव्यातीत ध्वनीची. मायकेल मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नौकेवरून पुढे काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला ध्वनियंत्र बसवून ते पोहणाऱ्या राइट देवमाशाच्या पाठीला क्षणभर टेकविले, व परावर्तित ध्वनीवरून थराची जाडी काढली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार उत्तर अटलांटिकमधील प्रौढ राइट देवमाशांचा थर सरासरीने सुमारे १२.२ सेंटिमीटर, तर दक्षिण आफ्रिकेजवळील त्यांच्या भाईबंदांचा सुमारे १६.१ सेंटिमीटर भरला.

तिसरी पद्धती सर्वांत साधी, आणि बैल पारखणाऱ्या शेतकऱ्याला सर्वांत जवळची. उत्तर अटलांटिकमधील राइट देवमासे त्यांच्या मस्तकावरील खरबरीत चट्ट्यांच्या रचनेवरून एकेक करून ओळखता येतात, व त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह जमलेला आहे. २००४ मध्ये पेटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा छायाचित्रांवरून आरोग्याची श्रेणी लावण्याची रीत मांडली. श्वसनरंध्रांच्या मागे मानेपाशी खोलगट भाग दिसतो की फुगीर, ही देहस्थितीची खूण; तिच्या जोडीला त्वचेची स्थिती, श्वसनरंध्रांभोवती वाढणारे परोपजीवी आणि त्यांच्या पुढील बाजूस दिसणारे ओरखडे ह्यांचाही विचार करण्यात आला. मृत प्राण्याच्या बाबतीत जे कधीच शक्य नव्हते ते येथे साधले : एकाच मादीची स्थिती अनेक वर्षे, तिच्या प्रसूतींच्या व दुखापतींच्या नोंदींसह, पाहता आली.

ड्रोन हे लहान वैमानिकरहित यान हाती आल्यावर ह्या सर्व धाग्यांची गुंफण झाली. २०१४ मध्ये व्हँकूव्हर बेटाजवळ डर्बन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नौकेवरून उडविलेल्या यानाने किलर व्हेल ह्या दंतयुक्त प्राण्यांची मापे घेतली. फ्रेड्रिक क्रिस्टियान्सेन व सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक्समाउथ आखातात हंपबॅक देवमाशांची आणि पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात राइट देवमाशांची पुनःपुन्हा छायाचित्रे घेतली. यानाची उंची ठाऊक असल्यामुळे छायाचित्रावरून खरी लांबी व रुंदी मिळते, आणि त्यांवरून देहाचे घनफळ काढता येते. पिलाला पाजणारी राइट मादी प्रजननाच्या सुमारे तीन महिन्यांत आपल्या घनफळाचा जवळजवळ चतुर्थांश गमावते, आणि मादी जितकी मोठी व पुष्ट तितकी पिलाची वाढ वेगवान, हे २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिले.

७

ह्या प्रगतीवरून मृत देवमाशांचे ज्ञान निरुपयोगी झाले, असे मात्र म्हणता येत नाही. घनफळावरून वजन काढावयाचे तर देहाची घनता ठाऊक हवी. २०१९ मध्ये जिवंत राइट देवमाशांच्या वजनाचे जे सूत्र मांडण्यात आले, त्यासाठी उत्तर पॅसिफिक समुद्रात पूर्वी मारलेल्या आठ राइट देवमाशांचे घेर व वजन ह्यांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. ओट्यावर लिहिलेले आकडे आज आकाशातून घेतलेल्या छायाचित्राला अर्थ देत आहेत. हे ऋण मान्य करणे हा इतिहासाचा प्रामाणिकपणा होय. परंतु त्या ऋणातून पुन्हा मारण्याचे समर्थन निघत नाही. एकदा काढलेली घनता पुनःपुन्हा वापरता येते. आणि देहस्थितीसंबंधी आजचे जे प्रश्न आहेत, ते त्याच प्राण्याचे माप पुन्हा घेतल्याशिवाय सुटणारे नाहीत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कृश म्हणावयाचे ते कोणाच्या मानाने? शिकारपूर्व काळातील देवमाशांची मापे कोणीही घेतलेली नाहीत. पहिली मापे घेतली गेली तीच संहार चालू असताना. म्हणून मानदंड एका समूहाची दुसऱ्याशी तुलना करूनच ठरवावा लागतो. २०२० मध्ये उत्तर अटलांटिकमधील राइट देवमाशांची तुलना अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील समूहांशी करण्यात आली, तेव्हा बालवयीन, प्रौढ व पाजणाऱ्या माद्या अशा सर्व वर्गांत उत्तरेकडील प्राणी कृश आढळले. हे प्राणी आता चारशेहून कमी उरले आहेत. मासेमारीच्या दोरांत अडकणे व जहाजांची धडक ही त्यांच्या मृत्यूची प्रमुख कारणे होत. आणि दोर ओढीत पोहणाऱ्या प्राण्याचा मेद त्या ओढण्यातच खर्ची पडतो. २०२१ मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये जन्मलेला राइट देवमासा १९८१ मध्ये जन्मलेल्यापेक्षा पूर्ण वाढीअंती सुमारे एक मीटर आखूड भरण्याचा संभव आहे. कृशता येथे केवळ एका हंगामाची राहिलेली नाही, ती हाडांपर्यंत पोहोचली आहे. करड्या देवमाशांमध्ये २०१९ ते २०२३ ह्या काळात जी असामान्य मर झाली, तीत मेक्सिको ते अलास्का ह्या किनाऱ्यावर ६९० प्राणी मृत आढळले. त्या मरीच्या सुमारास मेक्सिकोच्या खाजणांत आकाशातून घेतलेल्या मापांत त्यांची कृशता दिसून आली होती.

अरबी समुद्रातील हंपबॅक देवमाशांच्या संदर्भात मानदंडाचा हा प्रश्न भारतीय अभ्यासकांनाही भिडतो. हा लहानसा समूह इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाही. तो ह्याच समुद्रात चरतो व येथेच प्रजनन करतो. ही गोष्ट मुख्यतः सोव्हिएत जहाजांच्या बेकायदेशीर शिकारीच्या नोंदींवरून कळली. १९६५ व १९६६ मध्ये त्यांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्यांच्या किनाऱ्यालगत २४२ हंपबॅक मारले होते, आणि ती माहिती मिखालेव ह्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहयंत्र लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली होती. उन्हाळ्यात साठा व हिवाळ्यात उपवास हे ध्रुवीय वेळापत्रक ह्या प्राण्यांना लागू पडत नाही. त्यांचा मेद बव्हंशी मोसमी वाऱ्यांनी वर आणलेल्या पोषक जलाच्या चक्राशी बांधलेला असणार. म्हणून अंटार्क्टिक किंवा ऑस्ट्रेलियन समूहावरून काढलेला मानदंड त्यांच्यावर लादणे शास्त्रशुद्ध होणार नाही. त्यांची मोजणी त्यांच्याच समुद्रात, त्यांच्याच ऋतुमानाप्रमाणे करावी लागेल.

ह्या इतिहासाचे तात्पर्य असे की, माप कधीही उदासीन नसते. पिंपाने मोजणाऱ्याला देवमाशात तेल दिसले, आणि जातींमधील भेद दिसेनासा झाला. सुरीने मोजणाऱ्याला वर्षचक्र दिसले, पण एकेका प्राण्याचे चरित्र दिसले नाही. छायाचित्राने मोजणाऱ्याला ते चरित्र दिसू लागले आहे. मात्र आतील मेदांश त्याला दिसत नाही, आणि त्यासाठी जुन्या नोंदींकडे वळावे लागते. देवमाशाला जाणण्यासाठी त्याला मारणे अपरिहार्य होते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच्या काळापुरते वादग्रस्त राहील, कारण तेव्हा मृत देवमासे शास्त्रासाठी नव्हे तर तेलासाठीच ओट्यावर येत होते, आणि शास्त्र त्यांच्यामागून आले. पुढील काळाविषयी मात्र संदेहाला जागा नाही. देहस्थितीचा खरा अर्थ काळाच्या ओघात, त्याच प्राण्याच्या बदलत्या रूपात आहे, आणि तो जाणावयाचा तर प्राणी पुढील वर्षी जिवंत असावा लागतो.